उपेंद्रनाथ ब्रह्मचारी आणि काळा आजार

अकरावीला आवर्त सारणीचा पंधरावा गण शिकवताना मी दरवर्षी अँटिमनीपाशी जरा रेंगाळतो. नायट्रोजन, फॉस्फरस, अर्सेनिक यांच्याविषयी पुस्तकात पुष्कळ असते. अँटिमनीच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. डोळ्यांत घालायचा सुरमा पूर्वी ज्या खनिजापासून करीत, त्यातले हे मूलद्रव्य. त्याच्या एका संयुगाने आसाम-बंगालमध्ये मरणाच्या दारातली असंख्य माणसे परत आणली. ते संयुग करणारा माणूस कोण, हे परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून मी इथे लिहितो.

रोगाचे नाव कालाजार. मराठी कॅडेटला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही: काळा आजार. महाराष्ट्रात तो कधी मूळ धरून बसला नाही, त्यामुळे आपल्याकडे त्याची दहशत ठाऊक नाही. आठवडेच्या आठवडे ताप हटत नाही, अंगातले रक्त आटत जाते, माणूस काडीसारखा होतो, आणि पोटात डावीकडची प्लीहा, म्हणजे गावाकडे जिला पाणथरी म्हणतात ती, फुगून बेंबीपर्यंत येते. कातडी काळवंडते, म्हणून हे नाव. उपचार न झाल्यास रोगी सहसा वाचत नसे. आसामातल्या नौगाँग जिल्ह्याची लोकसंख्या 1891 ते 1901 या दहा वर्षांत जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटली, ती मुख्यतः या रोगामुळे. गारो टेकड्यांतले लोक त्याला सरकारी बीमारी म्हणत. ती इंग्रज सरकारबरोबर आली, असा त्यांचा समज होता.

या रोगाचा जंतू सापडला तो लष्करी डॉक्टरांना. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत ताप घेतलेला एक सैनिक इंग्लंडमध्ये नेटलीच्या लष्करी इस्पितळात मरण पावला. 1900 मध्ये त्याच्या प्लीहेत विल्यम लीशमन या सैन्यातल्या डॉक्टरला बारीक गोल कण दिसले. त्याने ते 1903 मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी मद्रासला इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या चार्ल्स डोनोव्हनलाही तेच कण दिसले. श्रेय कोणाचे यावर वाद झाला, तेव्हा रोनाल्ड रॉसने दोघांची नावे जोडून परजीवीचे बारसे केले: लीशमानिया डोनोव्हनी. शत्रू ओळखला गेला, पण त्याच्यावर चालवायला हत्यार नव्हते.

उपेंद्रनाथांचा जन्म 19 डिसेंबर 1873 रोजी बिहारमधल्या जमालपूरचा. वडील रेल्वेचे डॉक्टर. हुगळीच्या कॉलेजातून 1893 मध्ये बी.ए. झाले, पुढच्या वर्षी प्रेसिडेन्सी कॉलेजातून रसायनशास्त्राचे एम.ए. केले आणि मग वैद्यकाकडे वळले. 1900 मध्ये औषधशास्त्र व शल्यक्रिया या दोन्ही विषयांत पहिले येऊन एम.बी. झाले, 1902 मध्ये एम.डी., आणि 1904 मध्ये रक्तपेशींच्या विघटनावर पीएच.डी. पदव्यांची ही माळ मी कौतुकासाठी देत नाही. चांगला डॉक्टर आणि चांगला रसायनशास्त्रज्ञ एकाच डोक्यात राहत होते, आणि पुढे घडले ते त्यामुळेच.

1905 मध्ये ते कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यकीय शाळेत शिकवू लागले. आज तिथे नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज आहे. रोग्यांची तपासणी आणि वर्ग संपल्यावर ते इस्पितळातल्या एका खोलीत संशोधन करीत. खोली लहान. गॅसची जोडणी नाही, पाण्याचा नळ नाही, रात्री उजेडाला रॉकेलचा दिवा. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नर नीट पेटत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्यांनी ही खोली डोळ्यांसमोर आणावी.

कालाजारवर अँटिमनी चालते हे तोवर कळले होते. 1915 पासून भारतात टार्टार एमेटिकची, म्हणजे अँटिमनी व पोटॅशियमच्या टार्टरेटची, इंजेक्शने शिरेतून देऊ लागले होते. पण उपचार महिनोन्महिने चाले, ओकाऱ्या आणि खोकल्याने रोगी हैराण होई, आणि काही जण औषधानेच दगावत. उपेंद्रनाथांनी आवर्त सारणीकडे पाहिले. अर्सेनिकची सेंद्रिय संयुगे करून जर्मनीत पॉल एरलिखने उपदंशावर औषध काढले होते. त्याच गणात अर्सेनिकच्या लगेच खाली अँटिमनी आहे. मग तशीच सेंद्रिय संयुगे अँटिमनीची का करू नयेत? 1919 च्या अखेरीस त्यांना संशोधनासाठी अनुदान मिळाले. एकामागून एक संयुगे करून पाहत ते युरिया स्टिबामाइनपर्यंत पोहोचले आणि 1922 मध्ये त्यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिन्यांचा उपचार दोन-तीन आठवड्यांवर आला.

औषध बाटलीत असून भागत नाही, ते गावात पोहोचावे लागते. आसामात तेव्हा साथीने थैमान घातले होते. तिथल्या आरोग्य खात्याने दवाखान्यांतून आणि चहामळ्यांतून हे इंजेक्शन द्यायला सुरुवात केली, आणि जो रोग म्हणजे मरण होते तो बहुतेकांसाठी बरा होणारा रोग झाला. पुढे नाइटहूड मिळाली, 1936 मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद मिळाले. 1929 मध्ये नोबेलसाठी नाव गेले होते, पारितोषिक मिळाले नाही. यावर हळहळणारे लेख पुष्कळ आहेत. मला त्यात फार वेळ घालवावासा वाटत नाही.

कारण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे निरीक्षण वेगळेच आहे. 1922 मध्येच त्यांच्या लक्षात आले की पूर्ण बरे झालेल्या काही रुग्णांच्या अंगावर पुढे फिकट चट्टे आणि गाठी उठतात. ताप नाही, वेदना नाही. कुष्ठरोग म्हणून सहज फसगत व्हावी. त्यांनी ती त्वचा तपासली तर तिथे तोच परजीवी जिवंत होता. ताप गेला, तरी शत्रू कातडीत दबा धरून बसला होता.

रोग पसरवते ती वाळूमाशी, हे स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने 1942 मध्ये सिद्ध केले. उपेंद्रनाथ 6 फेब्रुवारी 1946 रोजी वारले. त्यानंतर मलेरियासाठी घरोघर डीडीटी फवारली गेली, तिने वाळूमाशीही मेली आणि कालाजार जवळजवळ दिसेनासा झाला. सगळ्यांना वाटले, संपला. फवारणी थांबली आणि 1970 च्या दशकात तो उत्तर बिहारमध्ये परतला. 1992 मध्ये देशात 77 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. अँटिमनीची औषधेही बोथट झाली होती. बिहारच्या काही भागांत निम्म्याहून अधिक रुग्ण त्यांनी बरे होईनात. ब्रह्मचारींचे हत्यार त्यांच्याच जन्मप्रांतात निकामी झाले.

2005 मध्ये भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी एकत्र मोहीम हाती घेतली, कारण वाळूमाशी सीमा पाहत नाही. उद्दिष्ट असे: दर वर्षी दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, आणि भारतात हे गणित प्रत्येक तालुक्याएवढ्या ब्लॉकसाठी स्वतंत्र. आता बोटाच्या रक्ताच्या थेंबावर चाचणी होते आणि अँफोटेरिसिनचा एकच डोस शिरेतून देतात. सुट्टीहून परतलेल्या बिहारच्या एका कॅडेटने मला सांगितले की त्यांच्या घरी आणि गोठ्यात भिंतीवर सहा फुटांपर्यंतच फवारतात. माहिती अगदी बरोबर आहे. ही माशी मच्छरासारखी उंच उडत नाही, उड्या मारत जाते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत बसते.

ऑक्टोबर 2023 मध्ये बांगलादेशाला निर्मूलनाचे प्रमाणपत्र मिळाले, जगात पहिले. त्याच वर्षी भारतातले सर्व बाधित ब्लॉक उद्दिष्टाच्या आत आले. प्रमाणपत्रासाठी ही स्थिती सलग तीन वर्षे टिकवावी लागते. आता आशा ताई घरोघर तापाच्या रुग्णांबरोबर फिकट चट्टे असलेली माणसेही शोधतात. त्यांना काही दुखत नसते, त्यामुळे ती आपणहून दवाखान्यात येत नाहीत, आणि एखाद्या वाळूमाशीला संसर्ग व्हायला असा एक माणूस पुरतो. त्यांच्यासाठीच्या गोळ्या बारा आठवडे घ्याव्या लागतात. तेवढे दिवस न दुखणाऱ्या डागासाठी औषध घ्यायला गावातल्या माणसाला तयार करणे, हे सध्या या मोहिमेतले सर्वांत अवघड काम आहे.