कामगारांचे एसेम आणि वऱ्हाड

ज्येष्ठ समाजवादी नेते श्रीधर महादेव तथा एस. एम. जोशी यांचे नाव निघाले की पुणे आठवते. मात्र त्यांच्या सर्वांत मोठ्या लढ्याचा हिशेब अकोला-अमरावतीला वगळून मांडता येत नाही.

12 नोव्हेंबर 1904 रोजी जुन्नरला जन्मलेल्या एसेम यांचे वडिलांचे छत्र लवकर हरपले. 1929 च्या पर्वती मंदिर सत्याग्रहात ते सहभागी झाले. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अशोक मेहता यांच्या सहवासात समाजवादाची दीक्षा पक्की झाली. 1942 मध्ये ते इमाम अली या नावाने भूमिगत होते. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्यातील कामगारांची संघटना त्यांनी बांधली. खडकी, देहूरोडच्या कामगारांना हा सदरा-धोतरातील पुढारी आपला वाटे.

फेब्रुवारी 1956 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि एसेम तिचे सरचिटणीस झाले. कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्युल्ड कास्ट फेडरेशन यांची मोट बांधून ठेवणे हे सोपे काम नव्हते. त्याहून अवघड होता वऱ्हाड. पश्चिम महाराष्ट्राच्या वर्चस्वाखाली आपली उपेक्षा होईल, ही येथील शंका जुनी होती. 1947 चा अकोला करार त्यातूनच झाला होता. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आणि यवतमाळचे बापूजी अणे वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते होते. ती शंका अगदीच निराधार होती, असे आजही म्हणवत नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्र जिंकला, एसेम पुण्यातून निवडून आले; विदर्भ मात्र काँग्रेसच्या मागे उभा राहिला. 396 पैकी 234 जागा मिळवून यशवंतराव चव्हाणांचे सरकार तरले.

1 मे 1960 रोजी राज्य झाले आणि 1962 मध्ये, नव्या राज्याच्या पहिल्याच निवडणुकीत, एसेम पराभूत झाले. 1967 मध्ये पुणेकरांनी त्यांना लोकसभेत पाठविले.

1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. एसेम यांनी नामांतराची बाजू उघडपणे घेतली आणि त्यापायी चपलांचा हार सोसला. 1 एप्रिल 1989 रोजी त्यांचे निधन झाले. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी.