कपडे शिवता शिवता कादंबऱ्या लिहिल्या, आणि वेल्श भाषेला तिचा पहिला मोठा कादंबरीकार मिळाला

वेबसिरीजचा एक भाग संपतो आणि पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबावं लागतं. मग काय, ग्रुपवर चर्चा सुरू. अमुक मरणार का, तमुक सुटणार का, हिरोच्या मित्राचं पुढं काय होणार?

1882 ते 1884 या काळात वेल्समध्ये असंच काहीसं चाललं होतं. फरक एवढाच की तिथं भाग महिन्यातून एकदा यायचा, तो मासिकात छापून यायचा आणि ते मासिक होतं चर्चचं. वाचणारे होते खाणकामगार, शेतकरी, चांभार, दुकानदार. आणि ती गोष्ट लिहिणारा होता एक आजारी शिंपी.

त्याचं नाव डॅनियल ओवेन.

आता आधी वेल्सचं गणित समजून घेऊ. वेल्स हा ब्रिटनचा पश्चिमेकडचा भाग. तिथली भाषा वेल्श. ही इंग्रजीची बोली नाही, तर केल्टिक कुळातली पूर्ण वेगळी आणि जुनी भाषा आहे. कवितेची परंपरा हजार वर्षांहून जास्त. पण एकोणिसाव्या शतकात या भाषेत दमदार म्हणावी अशी कादंबरी जवळपास नव्हती. ती का नव्हती, हे डॅनियलच्या आयुष्यातूनच कळतं.

डॅनियलचा जन्म 20 ऑक्टोबर 1836 चा. गाव मोल्ड, उत्तर-पूर्व वेल्समधलं, इंग्लंडच्या हद्दीला लागून. आसपास कोळशाच्या आणि शिशाच्या खाणी. सहा भावंडांत हा सगळ्यात धाकटा. वडील रॉबर्ट कोळशाच्या खाणीत कामाला होते.

डॅनियल सात महिन्यांचाही नव्हता, तेव्हा 10 मे 1837 रोजी आर्गोडच्या खाणीत पाणी घुसलं. त्यात वडील गेले आणि त्यांच्यासोबत दोन मोठे भाऊही गेले. घरातली कमावती माणसं एका दिवसात संपली. आई सारा हिने उरलेली पोरं गरिबीत वाढवली. शाळा नावापुरतीच झाली.

बाराव्या वर्षी डॅनियलला शिंप्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवलं. मालकाचं नाव एंजल जोन्स. आणि इथंच पोराचं नशीब फिरलं.

शिंप्याच्या दुकानात हात कामात गुंतलेले असतात, पण तोंड आणि कान मोकळे असतात. एंजल जोन्स चर्चमधला मानाचा माणूस. त्याच्या दुकानात रविवारच्या प्रवचनापासून राजकारणापर्यंत आणि कवितेपासून धर्मशास्त्रापर्यंत सगळ्यावर वाद झडायचे. कोणी काय वाचलं ते सांगायचं, दुसऱ्याने ते खोडायचं. सुई चालू आणि चर्चाही चालू. डॅनियलला कॉलेज कधी पूर्ण करता आलं नाही, पण हे दुकानच आपलं कॉलेज होतं असं तो मोठेपणी मानायचा.

कवितेचा नाद त्याला या काळातच लागला. गावोगावच्या साहित्य स्पर्धांमध्ये तो भाग घेऊ लागला. दारूच्या दुष्परिणामांवर लिहिलेली एक अमेरिकन कादंबरी त्याने वेल्शमध्ये आणली, ती 1859 मध्ये एका नियतकालिकातून छापून आली.

पुढं 1864 ला तो प्रवचनं देऊ लागला. पाद्री होण्यासाठी 1865 मध्ये बाला गावच्या कॉलेजात गेला. पण दोनच वर्षांत परत यावं लागलं. घर चालवणाऱ्या भावाचं लग्न झालं होतं, आई आणि बहीण यांची जबाबदारी आता डॅनियलवर आली. तो गुपचूप मोल्डला परतला आणि पुन्हा सुईदोरा हातात घेतला. आठवडाभर शिवणकाम आणि रविवारी प्रवचन, असं जवळपास नऊ वर्षं चाललं. त्याने लग्न केलं नाही.

1876 मध्ये त्याच्या फुप्फुसातली रक्तवाहिनी फुटली. प्रवचन बंद झालं. चाळिशीतच शरीर कायमचं खचलं.

इथं एन्ट्री होते रॉजर एडवर्ड्स यांची. ते मोल्डचेच पाद्री आणि 'द्रसोर्वा' या मासिकाचे संपादक. बोलता येत नसेल तर लिही, असा त्यांनी डॅनियलच्या मागं लकडा लावला. आधी प्रवचनं लिहून झाली, मग चर्चमधल्या माणसांची शब्दचित्रं, आणि मग कादंबरी.

पण कादंबरी लिहिणं सोपं नव्हतं. त्याला दोन अडचणी होत्या.

पहिली अडचण घरातली होती. वेल्समधली बरीच कुटुंबं कडक मेथडिस्ट वळणाची. कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट, म्हणजे खोटं, म्हणजे पाप, असा सरळ हिशोब. सज्जन माणसाने असलं काही वाचायचं नसतं.

दुसरी अडचण बाहेरची होती. 1847 मध्ये वेल्समधल्या शिक्षणावर सरकारी अहवाल आला. तो तयार करणाऱ्या तिन्ही इंग्रज अधिकाऱ्यांना वेल्श येत नव्हती. अहवालाने वेल्श भाषेला प्रगतीतला अडथळा ठरवलं आणि लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, चारित्र्यावरही शिंतोडे उडवले. निळ्या रंगाच्या या अहवालाची जखम पुढच्या पिढ्यांपर्यंत राहिली. अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. साहजिकच, आपण किती सज्जन आहोत हे जगाला दाखवण्याचं दडपण वेल्श लेखकांवर आलं. खोटं, ढोंगी, हावरट वेल्श माणूस गोष्टीत दाखवायचा तरी कसा?

डॅनियलने पहिल्या अडचणीवर भारी तोड काढली. त्याने गोष्टीला कादंबरी म्हटलंच नाही. रीस लुईस नावाच्या एका पाद्र्याचं हे आत्मचरित्र आहे, अशा थाटात त्याने ती मासिकात लिहायला घेतली. पाद्र्याचं आत्मचरित्र वाचायला कोण नाही म्हणणार? ज्या घरांत कादंबरीला बंदी होती, त्या घरांत चर्चच्या मासिकातून कादंबरी पोहोचली.

आणि दुसऱ्या अडचणीकडे त्याने सरळ दुर्लक्ष केलं. त्याने माणसं जशी दिसली तशी लिहिली. रीसची आई मेरी देवभोळी, कणखर, गरिबीने पिचलेली. मित्र विल ब्रायन उनाड पण मनाने साफ, ढोंग बघितलं की टोमणा मारणारा. टॉमस बार्टली हा भोळा चांभार तर लोकांचा लाडकाच झाला.

रीसचा मोठा भाऊ बॉब मात्र वाचकांच्या काळजाला हात घालणारा होता. तो खाणकामगार. खाणीवरच्या इंग्रज मॅनेजरविरुद्ध कामगार उठतात, मॅनेजरला पकडून रेल्वेत बसवून देतात. दंगा करू नका म्हणणारा बॉबच तुरुंगात जातो, आणि पुढं खाणच त्याचा जीव घेते.

हे कुठून आलं, ते मोल्डच्या लोकांना सांगायची गरज नव्हती. 1869 मध्ये गावाजवळच्या लीसवूड ग्रीन खाणीत हेच घडलं होतं. जॉन यंग या इंग्रज मॅनेजरने मजुरी कापली आणि खाणीत वेल्श बोलायला बंदी घातली. कामगारांनी त्याला धरून स्टेशनवर नेलं. 2 जूनला मोल्डच्या कोर्टात त्यांना शिक्षा सुनावली, बाहेर जमाव चिडला, दगड सुटले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या. चार जण मेले. तेव्हा डॅनियल त्याच गावात कपडे शिवत होता. तेरा-चौदा वर्षांनी तो राग त्याने चर्चच्या मासिकात गोष्ट म्हणून आणला. ज्या पोराचा बाप आणि दोन भाऊ खाणीत बुडाले, त्याला खाणीबद्दल दुसऱ्या कुणी माहिती द्यायची गरज नव्हती.

1885 मध्ये 'रीस लुईस' पुस्तकरूपात आली. तीन वर्षांनी तिचं इंग्रजी भाषांतरही झालं. त्याच 1888 साली त्याचं फुटकळ लेखनाचं पुस्तक आलं. त्याचं नाव त्याने ठेवलं 'कात्री'. शिंपीपणा लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही.

1891 मध्ये 'एनॉक ह्यूज' आली. यातला कॅप्टन ट्रेव्हर हा नमुना आजही ओळखीचा वाटेल. खाणीत शिसं सापडणारच, असं गोड बोलून लोकांचे पैसे अडकवणारा, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा ठग. 1894 मध्ये 'ग्वेन टॉमस', आणि 1895 मध्ये लघुकथांचा संग्रह. त्याच्या कादंबऱ्या आधी नियतकालिकांतून तुकड्यातुकड्याने आल्या. त्यामुळे त्यांची रचना कधीकधी सैल वाटते, असं समीक्षक सांगतात. पण माणसं उभी करण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी वेल्शमध्ये कुणी नव्हता, हेही तेच सांगतात.

22 ऑक्टोबर 1895 रोजी डॅनियल ओवेन गेला. एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. सहा वर्षांनी, 1901 मध्ये, मोल्डमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. गावाच्या वाचनालयाच्या इमारतीलाही त्याचंच नाव आहे. वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य-कला महोत्सवात, म्हणजे आयस्टेथ्वोडमध्ये, अप्रकाशित वेल्श कादंबरीला बक्षीस दिलं जातं, तेही त्याच्याच नावाने.

2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये सुमारे 5 लाख 38 हजार लोकांनी आपल्याला वेल्श येतं असं नोंदवलं. शंभरातले अठरासुद्धा नाहीत. तरी त्या भाषेत आजही नव्या कादंबऱ्या येतात आणि वाचल्या जातात.

भाषा टिकवण्यासाठी सरकार लागतं, शाळा लागतात, कायदे लागतात, हे खरंच आहे. पण लोकांना एकत्र बसून ज्यावर वाद घालावासा वाटेल अशी गोष्टही त्या भाषेत लागते. डॅनियल ओवेनने ती दिली, आणि ती द्यायला तो शिकला एका शिंप्याच्या दुकानात, इतरांचं ऐकता ऐकता.