फाशी ९४ जणांना, मृतदेह ९५! कोण होत्या एलिस पीटर्स?

सन ११३८. इंग्लंडचा राजा स्टीफन याने श्रूजबरीचा किल्ला घेतला आणि आतल्या ९४ जणांना फासावर चढवले. हा इतिहास. एलिस पीटर्स यांनी त्यात फक्त एक मृतदेह वाढवला. अंत्यविधीसाठी आलेला ब्रदर कॅडफेल मोजतो, तर ९५! खून लपवायला याहून सोयीची जागा कुठली? राजाने मारलेल्यांचा जाब कोणी विचारत नाही. पण या एकाला न्याय मिळालाच पाहिजे, असा हट्ट कॅडफेल धरतो.

पीटर्स यांचे खरे नाव एडिथ पार्जेटर. जन्म १९१३, श्रॉपशरमधल्या हॉर्सहे गावात. त्या विद्यापीठात गेल्या नाहीत. औषधांच्या दुकानात नोकरी केली. कॅडफेलच्या मुळ्या-काढ्यांमागे ती ओळख असावीच. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या महिला दलात टेलिप्रिंटर चालवला, ब्रिटिश एम्पायर मेडल मिळवले. पुढे चेक भाषा शिकून तिथल्या साहित्याचे अनुवाद केले.

कॅडफेल आला १९७७ मध्ये, लेखिकेने साठी ओलांडल्यावर. धर्मयुद्धात लढून आलेला आणि मठात औषधी वनस्पतींचा मळा राखणारा हा वेल्श साधू एकाच कादंबरीपुरता होता. ९५ मृतदेहांची गोष्ट १९७९ मध्ये आली आणि मग मालिका थांबेना. अखेर १९९४ मध्ये विसावी कादंबरी आली. ऑक्टोबर १९९५ मध्ये, ८२ व्या वर्षी, एडिथ श्रॉपशरमध्येच वारल्या.