सनदेचे मोल : पंडित मदनमोहन मालवीय आणि काशीचे हिंदू विश्वविद्यालय

धर्माच्या नावाने स्थापन होणाऱ्या विश्वविद्यालयाने राज्यसंस्थेची मान्यता घ्यावी की नाही, आणि घेतल्यास तिचे मोल किती द्यावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये ठळकपणे पुढे आला. १८५४ साली डब्लिन येथे कॅथलिक विश्वविद्यालय सुरू झाले आणि जॉन हेन्री न्यूमन त्याचे पहिले प्रमुख झाले. विश्वविद्यालयाच्या स्वरूपाविषयी न्यूमन यांनी केलेले विवेचन अभिजात ठरले. त्यांची संस्था मात्र खुरटली. तिच्यापाशी सरकारी सनद नव्हती, म्हणून तिच्या पदवीला व्यवहारात किंमत नव्हती. त्यातल्या त्यात वैद्यकशाखा तगली. न्यूमन १८५८ साली पदमुक्त झाले. काशी येथील हिंदू विश्वविद्यालयाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांचे चरित्र या पार्श्वभूमीवर पाहिले, म्हणजे त्यांनी काय साधले आणि त्यासाठी काय सोसले, याचा नीट उलगडा होतो.

मालवीयजींचा जन्म २५ डिसेंबर १८६१ रोजी प्रयाग येथे झाला. पूर्वज माळव्यातून आलेले, म्हणून हे उपनाम. वडील ब्रजनाथ हे भागवताचे कथाकार होते. घरात विद्या होती, पण संपत्ती नव्हती. आरंभीचे संस्कृत शिक्षण पाठशाळेत आणि पुढील शिक्षण म्यूर सेंट्रल कॉलेजात, अशा दोन परंपरांत त्यांची बुद्धी वाढली. ‘मकरंद’ या नावाने त्यांनी काव्यरचनाही केली. १८८४ साली ते कलकत्ता विश्वविद्यालयाचे पदवीधर झाले आणि शाळेत शिक्षक म्हणून काम करू लागले. १८८६ च्या कलकत्ता काँग्रेसमधील त्यांच्या भाषणाने प्रभावित होऊन कालाकांकरचे राजा रामपाल सिंह यांनी ‘हिंदोस्थान’ या पत्राचे संपादकत्व त्यांना देऊ केले. पुढे ते वकील झाले. न्यायालयांत नागरी लिपीला स्थान मिळावे यासाठी त्यांनी आधारांसह सविस्तर निवेदन सिद्ध केले, आणि १९०० साली प्रांतिक सरकारने नागरीला मुभा दिली. १९१० साली काशी येथे भरलेल्या पहिल्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थानही त्यांच्याकडेच आले.

विश्वविद्यालयाची कल्पना या काळात आकार घेत होती. डिसेंबर १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली काशी येथे काँग्रेस भरली, त्या सुमारास ही योजना नेतेमंडळींसमोर मांडली गेली. जानेवारी १९०६ मध्ये प्रयागच्या कुंभमेळ्यात ती धर्मपरिषदेपुढे आली. एकच योजना राजकीय पुढाऱ्यांपुढे आणि साधुसंतांपुढे मांडणारा हा पुरुष दोन्ही भाषा सहज बोलू शकत होता. परंतु तिला स्पर्धा होती. ॲनी बेझंट यांनी १८९८ साली काशीत सेंट्रल हिंदू कॉलेज स्थापिले होते आणि त्यांचीही स्वतंत्र विश्वविद्यालयाची योजना होती. दरभंग्याचे महाराजा रामेश्वर सिंह यांचा तिसरा प्रयत्न चालू होता. १९११ साली हे प्रवाह एकत्र आले. बेझंट यांचे कॉलेज नव्या विश्वविद्यालयाचे बीज ठरले. मालवीयजींनी वकिली बाजूस सारून झोळी हाती घेतली. कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठरले, आणि संस्थानिकांपासून सामान्य गृहस्थांपर्यंत साऱ्यांकडे ते गेले.

विधेयक मार्च १९१५ मध्ये हार्कोर्ट बटलर यांनी मांडले. १ ऑक्टोबर १९१५ रोजी ते संमत झाले. येथेच सनदेचे मोल दिसते. देशभरातील हिंदू महाविद्यालये जोडून घेण्याचा अधिकार मिळाला नाही. विश्वविद्यालय काशीपुरते, निवासी स्वरूपाचे राहिले. सरकारकडे देखरेखीचे अधिकार राहिले. उलट बाजूस, सर्वोच्च सभेचे सदस्यत्व हिंदूंपुरते ठेवता आले. विद्यार्थ्यांसाठी मात्र द्वार सर्व धर्मांना आणि जातींना खुले होते. ४ फेब्रुवारी १९१६ रोजी, वसंतपंचमीस, लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते कोनशिला बसली. त्याच वर्षी महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केले, पण सरकारी मान्यतेची वाट न पाहता. त्याला वैधानिक मान्यता मिळाली ती १९५१ साली. तीसहून अधिक वर्षे पदवीला मान्यता नसण्याचे ओझे त्या संस्थेने वाहिले. मालवीयजींनी ते ओझे टाळले आणि दुसरे स्वीकारले.

या दुसऱ्या ओझ्याची कसोटी लवकरच लागली. १९१९ पासून १९३८ पर्यंत ते स्वतः कुलगुरू होते. असहकारितेच्या काळात महात्मा गांधींनी सरकारी सनदेच्या संस्था सोडण्याचे आवाहन केले. मालवीयजी मानले नाहीत. १० फेब्रुवारी १९२१ रोजी त्याच काशीत, सरकारी साह्याविना, काशी विद्यापीठ उभे राहिले. शिवप्रसाद गुप्त आणि भगवानदास हे त्याचे आधारस्तंभ होते. डिसेंबर १९२१ मध्ये युवराज काशीस आले आणि विश्वविद्यालयाने त्यांना मानद पदवी दिली. राष्ट्रीय चळवळीत तुरुंगवास भोगणाऱ्या या नेत्याला हा प्रसंग सोपा गेला नसावा. मात्र उभारलेली संस्था मोडणे त्यांना अधिक कठीण वाटले, असेच त्यांच्या आचरणावरून दिसते. चौरीचौरा खटल्यातील आरोपींसाठी त्यांनी बाजूस सारलेली वकिली पुन्हा हाती घेतली आणि अनेकांचा फास चुकवला, हीदेखील त्याच दशकातील घटना आहे. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला आणखी एक विसंगती जाणवते. नागरीसाठी झगडलेल्या पुरुषाच्या विश्वविद्यालयात इंग्रजी हेच प्रमुख माध्यम राहिले. तरीही श्यामसुंदर दास आणि रामचंद्र शुक्ल यांच्यासारख्यांमुळे हिंदीच्या अध्ययनाला तेथे शिस्त लाभली. स्थापत्य, यंत्रशास्त्र, आयुर्वेद, संस्कृत या शाखा एकाच आवारात नांदल्या. मराठी वाचकाला येथे अनंत सदाशिव अळतेकर आणि विष्णु वासुदेव नारळीकर यांचे स्मरण होईल. प्राचीन भारतीय शिक्षणपद्धतीवरील अळतेकरांचा ग्रंथ ते काशीत अध्यापन करीत असतानाच सिद्ध झाला, आणि जयंत नारळीकर याच आवारात वाढून येथूनच १९५७ साली पदवीधर झाले.

१२ नोव्हेंबर १९४६ रोजी मालवीयजींचे निधन झाले. १९५१ च्या दुरुस्तीने सक्तीचे धार्मिक शिक्षण गेले आणि सर्वोच्च सभा सर्व धर्मीयांना खुली झाली. म्हणजे वसाहतीच्या सरकारने राहू दिलेली मर्यादा स्वतंत्र भारताच्या संसदेने काढली. ‘हिंदू’ हा शब्द नावात टिकला. तो काढण्याचा १९६० च्या दशकातील प्रयत्न विरोधामुळे बारगळला. न्यूमन यांच्यामागे ग्रंथ अधिक राहिला, मालवीयजींमागे संस्था. शिक्षणविषयक तत्त्वचिंतनाचा तसा ग्रंथ त्यांनी लिहिला नाही. त्यामुळे त्यांचा विचार शोधायचा तर तो १९१५ च्या अधिनियमातील कलमांत, वर्गणीच्या वह्यांत आणि त्या विस्तीर्ण आवाराच्या आखणीत शोधावा लागतो. चरित्रकारांनी त्यांच्या भाषणांकडे जितके लक्ष दिले, तितके या कागदांकडेही द्यावयास हवे.