नाना फडणवीस : दुसऱ्यांच्या युद्धात का उतरले?



संध्याकाळी खोर फक्कानच्या कॉर्निशवर फिरताना समोरचे बंदर किती शांत वाटते! पण १५०७ साली होर्मुझवर चालून निघालेल्या अल्बुकर्कच्या पोर्तुगीज आरमाराने हे गाव जाळले होते. युद्धात पडायचे की नाही, हे ठरवायची संधीच गावाला मिळाली नाही. पुणे दरबाराला मात्र एकदा ती मिळाली. तेव्हा कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता.

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना यांचा जन्म १७४२ साली साताऱ्यात झाला. १७६१ च्या पानिपतातून ते कसेबसे जिवंत परतले, पण आईला गमावून. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर बारभाईंमधून नाना पुढे आले आणि लहानग्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य सांभाळू लागले.

डिसेंबर १७८९ मध्ये टिपू सुलतानाने त्रावणकोरवर हल्ला केला. त्रावणकोर इंग्रजांचे दोस्त, त्यामुळे इंग्रजांनी शस्त्र उचलले. पुण्याचा दोघांशीही तह होता : इंग्रजांशी १७८२ चा, टिपूशी १७८७ चा. स्वस्थ बसणे सहज शक्य होते.

पण नानांनी हिशेब मांडला. टिपू जिंकला, तर उद्या तो कृष्णेवर येणार. इंग्रज आणि निजाम जिंकले, तर वाटणीत पुण्याचा हात रिकामा. शिवाय हैदर-टिपूंनी घेतलेला मुलूख परत हवाच होता. जून १७९० मध्ये पुण्यात तह झाला आणि जिंकलेल्या मुलुखाची समान वाटणी ठरली. परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके फौजा घेऊन निघाले. एकट्या धारवाडच्या वेढ्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लागला.

मार्च १७९२ मध्ये टिपूला अर्धे राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये द्यावे लागले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली. मात्र याच मोहिमेत आपल्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, हेही विसरता येत नाही.

पुण्याला टिपू दुबळा हवा होता, नाहीसा नको होता. पण १७९९ च्या युद्धात पुणे बाजूला राहिले आणि टिपू संपला. इंग्रजांना दक्षिणेतून शह देणारे कोणी उरले नाही. १८०० साली नाना गेले, १८१८ मध्ये पेशवाईही बुडाली. युद्धात उतरण्याची किंमत असते, तशी न उतरण्याचीही असते.

सुट्टीत वाईला गेलात, तर मुलांना मेणवलीचा नानांचा वाडा जरूर दाखवा. तिथल्या घाटावर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. आपल्या खोर फक्कानची आठवण नक्की होईल!