मिस सिंथिया फरार

मिस सिंथिया फरार यांचा जन्म सन १७९५ त अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर प्रांतीं झाला. शिक्षिकेचें काम करीत असतां प्रभूचें पाचारण त्यांस झालें आणि १८२७ सालीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, त्या अमेरिकन मिशनच्या वतीनें मुंबईस आल्या. अविवाहित स्त्रीनें मिशनकार्यासाठीं परमुलखांत जावें, हें त्या काळीं त्यांच्या देशांतही बहुतेकांस विचित्र वाटे. इकडे तर मुलगी शिकली म्हणजे विधवा होते अशी समजूत! तरी बाईंनीं मुलींच्या शाळा नेटानें चालविल्या.

पुढें प्रकृति ढांसळून १८३७ सालीं त्या स्वदेशीं गेल्या. तेथेंच राहिल्या असत्या तर त्यांस कोणी बोल लाविला नसता. परंतु १८३९ सालीं त्या परतल्या, त्या अहमदनगरास. आणि तेथील मुलींसाठीं पुढें २२ वर्षें झिजल्या. दोन कोसांवरच्या गांवीं बदली झाली तरी आम्हां उपदेशकांस किती जड वाटतें!

बाईंची अहमदनगरची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांच्या मनांत मुलींसाठीं शाळा काढण्याचें आलें, व १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं ती काढली. १८६२ च्या जानेवारींत बाईंनीं अहमदनगरासच देह ठेविला. मायदेश त्यांनीं पुन्हां पाहिला नाहीं.