उंदरांचे वाण घडविणारा शास्त्रज्ञ

उंदराचे एखादेच जनुक निकामी करायचे आणि त्याचा परिणाम तपासायचा, ही पद्धत आज कर्करोगापासून मधुमेहापर्यंतच्या संशोधनाचा आधार आहे. या तंत्रासाठी मारिओ कापेची, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र फरक त्या एका जनुकामुळेच पडला, असे ठामपणे सांगण्यासाठी प्रयोगातील उंदीर अन्य बाबतींत जनुकीयदृष्ट्या एकसारखे असावे लागतात. असे उंदीर प्रथम घडविले ते अमेरिकी शास्त्रज्ञ क्लॅरेन्स कुक लिटल यांनी.

लिटल यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८८८ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथे झाला. हार्वर्डमध्ये विल्यम कॅसल यांच्या हाताखाली शिकत असताना १९०९ मध्ये त्यांनी सख्ख्या भाऊ-बहीण उंदरांपासून पिढ्यानपिढ्या पैदास सुरू केली. अशाने वंश दुबळा होऊन खुंटेल, अशी शंका घेतली जात होती. परंतु लिटल यांच्या चिकाटीतून ‘डीबीए’ हा पहिला शुद्ध वाण सिद्ध झाला. पुढे उंदीरपालनाचा व्यवसाय करणाऱ्या ॲबी लॅथ्रॉप यांच्याकडील उंदरांपासून त्यांनी १९२१ मध्ये ‘सी ५७ ब्लॅक’ हा काळा वाण तयार केला. २००२ मध्ये उंदराचा जो जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तो याच वंशातील उंदराचा होता.

मेन आणि मिशिगन या विद्यापीठांचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. संततिनियमनाचा उघड पुरस्कार आणि इतर मतभेद यांमुळे १९२९ मध्ये त्यांना मिशिगन सोडावे लागले. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या मोटार उद्योजकांच्या साह्याने त्यांनी मेनमधील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. ऑक्टोबर १९४७ च्या वणव्यात ती भस्मसात झाली. तेव्हा तेथून पूर्वी उंदीर नेलेल्या संशोधकांनी त्याच वाणाचे उंदीर परत पाठविले आणि प्रयोगशाळा पुन्हा उभी राहिली.

या कर्तृत्वाला एक काळी बाजूही आहे. लिटल सुप्रजननवादी चळवळीचे नेते होते. सिगारेटच्या डांबराचा लेप दिल्यावर उंदरांच्या त्वचेवर कर्करोगाच्या गाठी येतात, असे १९५३ मध्ये दिसून आले. दुसऱ्याच वर्षी तंबाखू उद्योगाच्या संशोधन समितीचे शास्त्रीय संचालकपद लिटल यांनी स्वीकारले. धूम्रपानाने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. कर्करोग समजून घेण्यासाठी ज्याने आयुष्यभर उंदीर घडविले, त्यालाच उंदरांनी दिलेला इशारा मान्य झाला नाही.

२२ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. मिशिगन विद्यापीठाने २०१८ मध्ये आपल्या इमारतीवरून त्यांचे नाव काढून टाकले. त्यांचे काळे उंदीर मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरात आहेत.